संग्रहालयाची रजिस्टरं सिस्टीमवर आणताना: कामाच्या नोंदी

४ जून

काम असं आहे. आमच्या संग्रहालयातल्या वस्तूंची माहिती सध्या तीन ठिकाणी पडलीय. हाताने लिहिलेली जुनी ॲक्सेशन रजिस्टरं (संग्रहात आलेली प्रत्येक वस्तू नंबर देऊन नोंदवायची वही), त्यावरनं केलेली कॅटलॉग कार्डं, आणि मधल्या वर्षांत ज्याने त्याने आपापल्या सोयीने बनवलेल्या एक्सेल फाइली. हे सगळं एका कलेक्शन मॅनेजमेंट सिस्टीममध्ये आणायचं. दुसरं कुणी हेच काम काढणार असेल तर त्यांना उपयोग होईल म्हणून नोंदी ठेवतेय.

सॉफ्टवेअर अजून ठरलेलं नाही. दोन विक्रेत्यांचे डेमो झाले, दोन्हीत सुंदर फोटो, झूम, टाइमलाइन, पण सगळा डेटा त्यांचा स्वतःचा, आधीच नीटनेटका करून ठेवलेला. आपला डेटा त्यात कसा बसेल असं विचारलं तर त्यांना सांगता येईना आणि आम्हालाही येईना, कारण आपल्याकडे नेमकं काय काय आहे हे एका कागदावर कुठंच नाही. म्हणून पुढचे डेमो थांबवलेत. आता आठवडाभर प्रत्येकाने एक कागद टेबलावर ठेवायचा आणि रोजच्या कामात संग्रहाबद्दल जी माहिती शोधावी लागते ती त्यावर लिहायची, एवढंच काम दिलंय.

११ जून

कागद आले. क्युरेटर, स्टोअर, कॉन्झर्वेशन, ऑफिस सगळ्यांचे. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच, "अमुक नंबरची वस्तू आत्ता कुठं आहे?" त्याखाली "हिचा फोटो आहे का", मग "ही आपली की उसनी आणलेली". टाइमलाइन एकाही कागदावर नाही.

यावरनं आराखडा बदलला. आधी ठरलं होतं की महत्त्वाच्या वस्तूंची सविस्तर माहिती आधी भरायची आणि बाकीच्या हळूहळू. आता उलटं करतोय, सगळ्या वस्तू अगदी थोडक्या माहितीनिशी आधी आत घ्यायच्या आणि प्रत्येकीची जागा पक्की करायची, वर्णन मागाहून. स्पेक्ट्रम नावाचं जे स्टँडर्ड आहे (ब्रिटनमधलं, १९९४ साली पहिल्यांदा आलं, ५.१ ही आवृत्ती २०२२ ची) त्यात संग्रहाच्या कामाच्या एकवीस प्रक्रिया सांगितल्यात आणि त्यातल्या नऊ मुख्य धरल्यात. नऊच्या नऊ एकदम झेपणार नाहीत. पहिल्या टप्प्यात चारच घेतल्यात: वस्तू आत येणं, जागा आणि हालचाल, इन्व्हेंटरी (वस्तूंची मोजदाद), वस्तू बाहेर जाणं. कॅटलॉगिंग दुसऱ्या टप्प्यात. क्युरेटर मॅडमना हे पटायला वेळ लागला, त्यांचं म्हणणं की संशोधनाची माहिती मागं पडेल, आणि ती पडणारच आहे काही काळ. पण जी वस्तू सापडत नाही तिच्यावरचं संशोधन करायचं कसं, इथवर आल्यावर त्यांनीच होकार दिला.

१९ जून

एका खोलीची नमुना तपासणी केली, दोन्ही बाजूंनी. म्हणजे रजिस्टरातली नोंद घेऊन फळीवर वस्तू शोधायची, आणि मग फळीवरची वस्तू घेऊन रजिस्टरात नोंद शोधायची. एकाच बाजूने तपासलं तर अर्धंच कळतं. पहिल्या प्रकारात हरवलेल्या वस्तू कळतात, दुसऱ्यात नंबरच नसलेल्या आणि दुसऱ्याचाच नंबर लागलेल्या. दोन्ही निघाल्या. शिवाय एकाच नंबरावर अख्खा संच नोंदलेला, आणि त्यातले तुकडे दोन वेगळ्या कपाटांत.

सगळ्यात मोठा शोध मात्र स्टोअर सांभाळणाऱ्या काकांमुळे लागला. रजिस्टरात जागेच्या रकान्यात "कपाट ३" लिहिलंय, आत्ताच्या कपाट ३ मध्ये बघितलं तर भलतंच. काका म्हणाले, "अहो ते जुनं तीन. रंगकामाच्या वेळी सगळी कपाटं हलवली ना, तेव्हा परत लावताना भिंतीच्या क्रमाने लावली. जुनं तीन म्हणजे आत्ताचं सात." हे कुठंही लिहिलेलं नाही. आत्तापर्यंत ही सगळी यंत्रणा काकांच्या आठवणीवर चाललीय आणि ते पुढच्या वर्षी रिटायर होतायत. त्यामुळे आराखड्यात एक नवं काम सगळ्यात वर टाकलं: काकांबरोबर खोलीखोलीतून फिरायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं आणि त्याच दिवशी टाइप करायचं. सॉफ्टवेअरशी याचा काही संबंध नाही असं ऑफिसमध्ये कुणीतरी म्हणालं. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पात याहून मोलाचं काम दुसरं नाही.

२७ जून

जागेचे कोड ठरले. इमारत, खोली, रॅक, फळी, खोका अशी उतरती पायरी आणि प्रत्येक पायरीला ठरावीक लांबीचा कोड. वाद झाला तो नावांवरनं. "धातूचं कपाट" किंवा "मागची खोली" असलं नाव कोडात नको, कारण आतला माल बदलतो आणि मागची खोली पुढची होते. नुसते क्रमांक, आणि मधे थोडे मोकळे सोडलेले, उद्या एखादा रॅक वाढला तर सगळं परत लिहावं लागू नये.

अजून एक ठरलं: "प्रदर्शनात" ही जागा नव्हे, ती अवस्था झाली. जागा म्हणजे दालन २, शोकेस ५. तसंच "दुरुस्तीला", "फोटोसाठी" हेही जागेच्या रकान्यात चालणार नाही, ते हालचालीचं कारण म्हणून वेगळ्या रकान्यात. आणि जी वस्तू सापडली नाही तिची जागा रिकामी ठेवायची नाही, "सापडली नाही" असा एक रीतसर कोड द्यायचा, शोधल्याची तारीख आणि कुणी शोधली त्यासकट. रिकामा रकाना दिसला की अजून कुणी बघितलंच नाही की बघून मिळाली नाही हे नंतर कळत नाही.

९ जुलै

एक्सेल फाइली उघडल्या आणि आठवडा त्यातच गेला. हे जरा सविस्तर लिहिते कारण कुठंही हेच होणार.

आमचा ॲक्सेशन नंबर तीन भागांचा, वर्ष, त्या वर्षीची खेप, त्या खेपेतली वस्तू, मधे टिंब. ज्या खेपेत एकच वस्तू तिथं दोनच भाग. आता १९८७.१० हा नंबर साध्या सेलमध्ये टाइप केला की एक्सेल त्याला दशांश संख्या समजतं आणि शेवटचं शून्य गिळून १९८७.१ करतं. म्हणजे १९८७.१, १९८७.१० आणि १९८७.१०० या तीन वेगळ्या वस्तू फाइलीत एकाच नंबराच्या दिसतात. सुरुवातीला आम्ही त्यांना डुप्लिकेट समजून यादी काढत बसलो होतो. गेलेलं शून्य फाइलीतून परत मिळत नाही, कॉलम नंतर टेक्स्ट केला तरी उपयोग नाही, मूळ रजिस्टर उघडून एकेक नोंद जुळवावी लागते. तेच चाललंय. डॅशने लिहिलेले नंबर तर तारखा झालेत, १२-३ असेल तिथं मार्च महिना आलाय.

त्यामुळे नियम: नवीन शीट उघडली की टाइप करायच्या आधी नंबराचा कॉलम टेक्स्ट करायचा. आणि क्रम लावण्यासाठी वेगळा कॉलम, त्यात शून्यं भरून सारख्या लांबीचे आकडे, नाहीतर टेक्स्टमध्ये १० हा २ च्या आधी येतो. मूळ नंबर जसा वस्तूवर लिहिलाय तसाच ठेवायचा, त्याला शून्यं जोडायची नाहीत, कारण वस्तूवरचा नंबर आणि स्क्रीनवरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे.

तारखांचंही तसंच. एक्सेलची तारीख १९०० पासून सुरू होते, त्याआधीची तारीख ते साधा मजकूर म्हणून ठेवतं, त्यामुळे एकाच कॉलममध्ये अर्ध्या खऱ्या तारखा आणि अर्धा मजकूर. एक फाइल जुन्या मॅकवर केलेली होती, तिथं मोजणी १९०४ पासून, आणि तिच्यातल्या तारखा दुसऱ्या फाइलीत पेस्ट केल्या की चार वर्षं आणि एक दिवस मागं सरकतात. दान मिळाल्याची तारीख नमुन्यादाखल रजिस्टराशी ताडून बघितली म्हणून हे सापडलं, नुसत्या फाइलीकडे बघून कधीच कळलं नसतं.

१५ जुलै

मराठी मजकूर. जुन्या फाइलींपैकी बऱ्याच युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत, तो फॉन्ट काढला की सगळी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. कन्व्हर्टर वापरले, मोठा भाग व्यवस्थित उतरतो, अडतं ते जोडाक्षरांवर आणि रफारावर, पहिली वेलांटीही मधेच भलत्या अक्षराला लागते. आणि एकाच सेलमध्ये मराठीबरोबर खरं इंग्रजी असेल तर कन्व्हर्टर त्याचंही मराठी करून टाकतो. म्हणून आधी इंग्रजी सेल वेगळे काढले आणि मग कन्व्हर्ट केलं. रूपांतर झाल्यावर प्रत्येक ओळ माणसाने वाचायचीच, याला पर्याय मिळाला नाही.

युनिकोडमधल्या फाइलींतही एक गंमतशीर वाटणारी पण त्रासदायक गोष्ट आहे. ॲल्युमिनियममधला ॲ दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे त्याचं स्वतंत्र अक्षर, आणि दुसरा अ टाकून वर चंद्र. डोळ्यांना अगदी सारखे, मशीनला वेगळे, आणि युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची प्रक्रिया) केल्यावरही हे दोन एक होत नाहीत. सर्च केलं की अर्ध्याच वस्तू येतात आणि उरलेल्या अर्ध्या आहेत हे कळायला मार्ग नाही. न दिसणारे जोडणारे कॅरेक्टर असतात त्यांचंही तसंच. आत घ्यायच्या आधी या सगळ्यांचं एकच रूप ठरवून बदल करणारी छोटी स्क्रिप्ट लिहून घेतलीय, आणि सॉफ्टवेअर निवडताना मराठी सर्च आपल्याच शब्दांनी तपासायचा हे यादीत टाकलंय.

सीएसव्ही फाइलीवर (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबलक्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडायची नाही. यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) ओळखलं गेलं नाही तर देवनागरीचा चुथडा होतो, आणि त्या अवस्थेत कुणी सेव्ह दाबलं की मूळ मजकूर गेला. इम्पोर्टमधून जाऊन एन्कोडिंग स्वतः निवडायचं. मूळ फाइलींचा एक संच आता फक्त वाचता येईल असा बाजूला ठेवलाय आणि त्याला कुणी हात लावायचा नाही.

२९ जुलै

फिल्ड, म्हणजे सिस्टीममधल्या नोंदीचे रकाने, ठरवली. इन्व्हेंटरीसाठी कमीत कमी: नंबर, वस्तूचं नाव, किती नग, एक ओळ वर्णन, जागा, मालकी, नोंद कुणी आणि कधी केली. एवढंच सक्तीचं, बाकी सगळं ऐच्छिक. सक्तीची फिल्ड वाढवली की लोक ती भरण्यासाठी काहीतरी टाकून मोकळे होतात, मग "माहीत नाही" आणि "-" यांनी डेटाबेस भरतो. फोटो मात्र प्रत्येक वस्तूचा हवाच, निदान ओळख पटेल इतका. ऑब्जेक्ट आयडी हे १९९७ चं स्टँडर्ड चोरीला गेलेल्या वस्तू ओळखता याव्यात म्हणूनच बनवलंय आणि त्यातही फोटो, मापं आणि वस्तूवरच्या खास खुणा यांनाच वजन दिलंय. एखाद्या कोपऱ्यातला टवका, जुनी दुरुस्ती, हे एका ओळीत लिहिलं की दोन सारख्या दिसणाऱ्या मूर्ती वेगळ्या ओळखता येतात.

शब्द एकसारखे करायला ओपनरिफाइन हे डेटा साफ करायचं सॉफ्टवेअर वापरलं. पितळ आणि पीतळ, हस्तिदंत आणि हस्तीदंत, तांबं आणि तांबे, हे सगळे गट ते स्वतःच सुचवतं आणि खूप वेळ वाचतो. पण सगळे गट एकदम मान्य करायचे नाहीत. त्याने शिसे आणि शिसव एका गटात आणले, एक धातू आणि एक लाकूड, फरक एका अक्षराचा. प्रत्येक गट बघूनच हो म्हणायचं. ठरलेल्या प्रत्येक शब्दासमोर गेटी या अमेरिकन संस्थेच्या एएटी या कला आणि वास्तुकलेच्या शब्दसूचीतला आयडी टाकतोय, म्हणजे उद्या दुसऱ्या संस्थेशी डेटा जोडायचा झाला तर शब्दाच्या भाषेचा प्रश्न उरणार नाही.

काळासाठी तीन फिल्ड: जसं लिहिलंय तसं, सर्वात आधीचं वर्ष, सर्वात नंतरचं वर्ष. "अठरावं शतक" असेल तर मजकूर तोच आणि वर्षं १७०१ ते १८००. शोध वर्षांवर चालतो आणि वाचणाऱ्याला अनिश्चितता दिसत राहते.

आणि ज्याच्यासाठी मी सगळ्यात जास्त भांडले ते "जुनी नोंद" हे फिल्ड. रजिस्टरातला मजकूर शब्दशः, शुद्धलेखन न सुधारता, आज चुकीचा वाटला तरी, कायमचा कुलूपबंद. कुणी साठ वर्षांपूर्वी "काळ्या दगडाची, बहुधा देवी" असं लिहिलं असेल तर त्या "बहुधा"मध्ये त्या माणसाचं निरीक्षण आहे. आपण तिथं नुसतं "देवी" लिहून टाकलं तर त्याला शंका होती हे पुढच्या अभ्यासकाला कधीच समजणार नाही.

६ ऑगस्ट

सॉफ्टवेअर ठरलं: कलेक्टिव्हॲक्सेस. ओपन सोर्स आहे, कॅटलॉगिंगचा भाग प्रॉव्हिडन्स आणि लोकांना दाखवायचा भाग पॉटकेट असे दोन वेगळे, पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं. लायसन्सचा खर्च नाही, पण ते फुकट पडतं असं कुणी समजू नये, सर्व्हर आणि तो बघणारा माणूस लागतो, फिल्डची रचना आपल्याला करावी लागते आणि त्यात वेळ जातो. आमच्याकडे सर्व्हर बघणारा माणूस आहे म्हणून हे जमलं. तो नसेल तर पैसे देऊन होस्टेड सिस्टीम घेणं जास्त शहाणपणाचं.

निवडताना खरी चाचणी एकच ठेवली होती. आपल्या सगळ्यात किचकट नोंदी निवडायच्या, तुकड्यांचा संच, दोन नंबर असलेली वस्तू, उसनी आणलेली, मालकीबद्दल वाद असलेली, त्या आत टाकायच्या आणि मग फोटो आणि हालचालीच्या इतिहासासकट सगळं परत बाहेर काढून दाखवायचं. आत घ्यायला सगळेच तयार असतात. बाहेर काढताना एका सिस्टीममध्ये सध्याची जागा आली पण आधीच्या जागा आल्या नाहीत, तिथंच ती बाद झाली.

२० ऑगस्ट

पहिली टेस्ट मायग्रेशन, म्हणजे सगळा डेटा नव्या सिस्टीममध्ये हलवून बघणं. फसली, आणि फसण्यासाठीच ती ठेवली होती. काय काय निघालं:

सेलच्या आत एंटर मारून लिहिलेली वर्णनं, त्यामुळे एका नोंदीच्या तीन ओळी होऊन पुढचे सगळे कॉलम सरकले. देणगीदार तीन प्रकारे लिहिलेले, एकाच माणसाची तीन माणसं झाली. फोटोंचा मोठा गठ्ठा जोडलाच गेला नाही, कारण फाइलींची एक्स्टेंशन कुठं कॅपिटल कुठं स्मॉल, आणि विंडोजला त्यात फरक वाटत नसला तरी लिनक्स सर्व्हरला वाटतो. आता फोटोच्या नावाचा नियम असा, नंबर, टिंबांऐवजी अंडरस्कोअर, मग बाजूचा कोड, सगळं स्मॉल. मास्टर टिफमध्ये, रोजच्या वापराला जेपेग, आणि मास्टरच्या प्रत्येक फाइलीचा चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरनं काढलेला तपासणीचा आकडा) काढून ठेवलेला, म्हणजे कॉपी करताना एखादी खराब झाली तर लगेच कळतं.

सर्व्हर पुसून परत पहिल्यापासून. दुरुस्त्या सिस्टीमच्या आत जाऊन हाताने करायच्या नाहीत, मूळ डेटात किंवा स्क्रिप्टमध्ये करायच्या आणि परत चालवायचं, नाहीतर पुढच्या वेळी त्याच चुका परत येतात.

२ सप्टेंबर

दुसरी टेस्ट बरीच बरी. आकडे जुळवले, रजिस्टरनिहाय नोंदी किती आणि आत आल्या किती. फरक निघाला तो रजिस्टरातच खोडलेल्या नंबरांचा. खोडलेले नंबरही "रद्द" म्हणून आत घेतले, नाहीतर तो नंबर मोकळा समजून उद्या कुणीतरी परत वापरेल.

कुणाला काय दिसणार तेही आज ठरलं. जागा, किंमत आणि देणगीदाराचा पत्ता या तीन गोष्टी बाहेरच्या कुणालाही दिसणार नाहीत. नोंद पुसायचा अधिकार कुणालाच नाही, रद्द करता येईल, कारण लिहून.

१० सप्टेंबर

लेबलं. क्यूआर कोड फक्त खोक्यांना आणि फळ्यांना, वस्तूवर स्टिकर नाही, त्याचा चिकट थर वस्तूला इजा करतो. वस्तूवर नंबर हाताने, दगड-धातू-मातीवर आधी पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक रेझिनचा पातळ थर, त्यावर शाईने बारीक नंबर, त्यावर परत थर, हवा तेव्हा ॲसिटोनने काढता येतो. प्लॅस्टिकवर हे करायचं नाही, ॲसिटोनने ते विरघळू शकतं. कापडाला सुती फितीवर नंबर लिहून टाके घालून, कागदाला मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने.

लेबल प्रिंटर आधी साधा थर्मल आणला होता, त्याचा छापा उन्हाने आणि उष्णतेने पुसट होतो. तो परत केला आणि रिबनवाला घेतला. यात दोन आठवडे गेले, स्टोअरचं काम तेवढं अडलं.

२२ सप्टेंबर

ट्रेनिंग. सगळ्यांना सगळं शिकवायचा बेत सोडला. स्टोअरच्या लोकांना फक्त एकच स्क्रीन: वस्तूचा नंबर, जागा स्कॅन, कारण, सेव्ह. पहिल्या दिवशी लक्षात आलं की स्टोअरमध्ये वायफाय पोचत नाही, लोक वस्तू हलवून नंतर टेबलावर येऊन आठवणीने भरत होते, म्हणजे पुन्हा आठवणीवरच आलो. राउटर बसेपर्यंत कागदी चिठ्ठी, दोन प्रतींत, एक वस्तूच्या जागी ठेवायची आणि एक टेबलावर, संध्याकाळी चिठ्ठ्या बघून नोंद.

काकांनी दुपारी एक खोका स्कॅन केला आणि त्यातल्या वस्तूंची यादी स्क्रीनवर बघितली. मग म्हणाले, "ताई, यातली शेवटची यात नाही. ती वरच्या फळीवर आहे, तिला डबा बसत नव्हता." बघितलं, बरोबर. तिथल्या तिथं दुरुस्त केलं, त्यांच्या नावाने नोंद पडली.

५ ऑक्टोबर

एक्सेल फाइली आजपासून बंद, फक्त वाचण्यापुरत्या. बांधीव ॲक्सेशन रजिस्टर मात्र चालू ठेवलंय, नवी वस्तू आली की शाईने त्यात आधी आणि मग सिस्टीममध्ये, मालकीचा मूळ पुरावा तोच आहे. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक इमारतीबाहेर, आणि महिन्यातून एकदा त्यातली एक प्रत्यक्ष रिस्टोअर करून बघायची असं वेळापत्रकात लिहिलंय.

खोल्यांचा क्रम: आधी काकांना सगळ्यात जास्त माहीत असलेल्या, म्हणजे मागच्या दोन, ज्यांचे कागद सगळ्यात कमी आहेत. नीट कागदपत्रं असलेली नाण्यांची खोली शेवटी, ती थांबू शकते. "सापडली नाही" यादी दर शुक्रवारी छापून स्टोअरच्या दारावर लावतोय. वायफायचं काम उद्या सकाळी, ते झालं की मागच्या खोलीच्या पहिल्या रॅकपासून सुरुवात.